ब्लूपर सारखा अंगावर येतो? वरून नाही, खालून काढा

पाण्याखालच्या लेव्हलबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. जमिनीवर सगळं जमतं, पण पाण्यात शिरलं की तो पांढरा माकूळ पाठ सोडत नाही. वर गेलं तर वर येतो, थांबलं तर डोक्यावर येऊन बसतो, पळावं तर नेमका वाटेत. हा माकूळ म्हणजे ब्लूपर. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या व्हिडिओ गेमपासून तो या मालिकेत आहे आणि त्याची मूळ चाल अजूनही ओळखू येते: तिरका वर झेपावतो, मग सरळ खाली बुडतो.

माहिती शोधताना नावाचा घोळ होतो, म्हणून ते आधी. जपानीत त्याला गेसो म्हणतात (माकळाच्या पायांसाठीचा तिकडचा शब्द), आणि पहिल्या खेळाच्या इंग्रजी पुस्तिकेत तो ब्लूबर असा छापला गेला होता. तिन्ही नावं एकाच प्राण्याची.

आता मुद्दा. ब्लूपर भरकटत फिरत नाही आणि हुशारीने पाठलागही करत नाही. त्याचा नियम अगदी साधा आहे, पण जमिनीवर लागलेल्या सवयीच्या नेमका उलटा. जमिनीवर शत्रू दिसला की बोट आपोआप ए बटणावर जातं: उडी मार, वरून जा. पाण्यात तेच केलं की मारिओ ब्लूपरच्या वर जातो, आणि ब्लूपरला सगळ्यात जास्त आक्रमक करणारी गोष्ट हीच आहे. बहुतेक धक्के पोहताना घाबरून मारलेल्या त्या एका जादा हातामुळे (ए च्या एका दाबामुळे) बसतात.

तो हलतो कसा

पुढचं सगळं पहिल्या खेळाबद्दल आहे, कारण तिथेच लोक सर्वात जास्त अडकतात आणि तिथली चाल सर्वात काटेकोर आहे.

ब्लूपरच्या हालचालीचे दोन टप्पे. पहिला झेपेचा: तो ४५ अंशांत वर आणि बाजूला जातो. आधी हळू, मग वेग घेतो, पुन्हा मंदावतो. दुसरा बुडण्याचा: सरळ खाली येतो. या टप्प्यात तो डावीउजवीकडे जराही सरकत नाही. वेगही कमी असतो. सेकंदाला साधारण दोन ब्लॉक (ब्लॉक म्हणजे खेळातला एक चौकोनी ठोकळा) इतकाच.

बुडणं कधी थांबतं, हे खरं मर्म. मारिओपासून थोडं वर, साधारण ब्लॉकभर अंतरावर आला की तो बुडणं सोडतो आणि पुन्हा झेप घेतो. म्हणजे खेळ सतत एकच गोष्ट तपासत असतो: हा मारिओच्या पुरेसा वर आहे की नाही? वर असेल तर सावकाश खाली येऊ दे. नसेल तर लगेच वर पाठव.

यातून दोन गोष्टी निघतात. तुम्ही त्याच्या खाली असाल तर तो बराच वेळ सरळ रेषेत, संथपणे खाली येत राहतो, आणि तेवढा वेळ त्याची जागा तुम्हाला आधीच माहीत असते. तुम्ही त्याच्या वर असाल तर बुडण्याची अट पूर्णच होत नाही. एक झेप संपते न संपते तोच दुसरी सुरू. वर गेलं की तो चिडतो असं लोक म्हणतात ते चिडणं नव्हे, त्याला खाली येण्याची परवानगीच मिळत नाही.

दिशेबाबत एक बारकावा आहे. एकाच वेळी स्क्रीनवर असलेले सगळे ब्लूपर सारखी दिशा निवडत नाहीत. काही जण मारिओ ज्या बाजूला आहे तिकडे वळतात. बाकीचे मारिओ ज्या दिशेने चालला आहे तीच दिशा उचलतात, म्हणजे तुम्ही उजवीकडे निघालात तर तेही उजवीकडे, तुमच्या पुढे. "मागे टाकला तरी पुढेच कसा?" याचं उत्तर या दुसऱ्या जातीत आहे. सुरुवातीच्या लेव्हलमध्ये दिशा बदलण्याचा निर्णय साधारण सेकंदाला एकदा होतो, त्यामुळे झेपेच्या मध्यात तो सहसा वळत नाही.

आणि तो ठोकळ्यांना जुमानत नाही. पोवळ्याच्या किंवा दगडाच्या आडोशाला थांबण्यात अर्थ नाही, तो आरपार येतो. अडकता ते तुम्हीच.

२-२ मध्ये काय करायचं

पहिली पूर्ण पाण्याखालची लेव्हल २-२, म्हणजे दुसऱ्या जगातली दुसरी. घाई न करता आत शिरल्यावर, पहिला ब्लूपर दिसण्याआधी, ए बटण एकदाच दाबून पाहा मारिओ किती वर जातो आणि परत त्याच उंचीवर यायला किती वेळ लागतो. शेजारचे ठोकळे मापाला आहेतच. मग एकाच उंचीवर तरंगत राहण्याचा ठेका शोधा. बटण धरून ठेवून उपयोग नाही. एका दाबाला एकच हात. या ठेक्याशिवाय पुढचं काहीच नीट जमत नाही, म्हणून यावर अर्धा मिनिट घालवणं परवडतं.

ब्लूपर दिसला की:

१. ए दाबणं थांबवा आणि मारिओला खाली येऊ द्या. स्क्रीनच्या खालच्या तिसऱ्या भागात असाल तर उत्तम.

२. तो झेपावतोय की बुडतोय ते पाहा. तिरका वर जात असेल तर झेप, सरळ खाली येत असेल तर बुडणं.

३. बुडत असेल आणि तुमच्या खूप वर असेल तर थांबू नका, लगेच खालून निघा. तो बाजूला सरकू शकत नाही.

४. बुडत बुडत जवळ आला असेल तर पुढे जाऊ नका. एक-दोन ब्लॉक मागे राहा, त्याला झेप घेऊ द्या. तो तिरका वर गेला की खालची जागा मोकळी होते. तीच तुमची वाट.

५. पार झाल्यावर लगेच वर जाऊ नका. तो अजून बुडण्याच्या टप्प्यात असतो. तुम्ही वर गेलात की त्याची पुढची झेप तुमच्याच दिशेने येते. तो स्क्रीनच्या डाव्या कडेपलीकडे जाईपर्यंत खालीच राहा. या खेळात स्क्रीन मागे सरकत नाही, एकदा कडेबाहेर गेला की तो विषय संपला.

वाट अडवून बसलेल्या ब्लूपरसाठी एक युक्ती आहे. तो तुमच्या उजवीकडे, पुढे असेल तर क्षणभर डावीकडे वळा, दोन पावलं मागे जा. मारिओच्या बाजूला वळणारा असेल तर मारिओ डावीकडेच आहे. मारिओची चाल उचलणारा असेल तर ती चालही आता डावीकडची आहे. दोन्ही जाती डावीकडे झेपावतात. तो डोक्यावरून मागे गेला की उजवीकडे निघा. मागे जायला जागा नसेल, म्हणजे तुम्ही स्क्रीनच्या डाव्या कडेला टेकला असाल, तर ही युक्ती लागू नाही. म्हणून कडेला चिकटून खेळायचं नाही.

तळावर चालणं

छोटा (मशरूम न खाल्लेला) मारिओ समुद्रतळावर चालत असेल तर ब्लूपर त्याला बहुतेक वेळा गाठू शकत नाही. कारण वरचंच. ब्लूपर अंतर मोजतो ते मारिओच्या पायांपासून किंवा डोक्यापासून नव्हे, तर मोठ्या मारिओचं डोकं जिथे असतं त्या रेषेपासून. छोट्या मारिओच्या बाबतीत ती रेषा हवेत, म्हणजे पाण्यातच, त्याच्या डोक्याच्या एक ब्लॉक वर असते. ब्लूपर तिच्या आसपास येऊन परत फिरतो आणि खाली छोटा मारिओ सुखरूप राहतो. छोटं असण्याचा फायदा होणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक.

मोठ्या मारिओचं डोकं त्या पट्ट्यात येतं, त्याला ही सूट नाही. पण तळावर पाय टेकलेले असताना खालचं बटण दाबून तो वाकू शकतो, आणि वाकल्यावर धक्का लागण्याची जागा कमी होते. वाकलेला मारिओ चालत नाही, त्यामुळे ही फक्त थांबून वाट पाहण्याची सोय: ब्लूपर डोक्यावर आला, वाका, तो झेपावला, उठा, निघा. पाण्यात तरंगत असताना वाकता येत नाही, तेव्हा तिथे खालचं बटण दाबत बसू नका.

तळावर चालण्याची किंमत वेळेत मोजावी लागते. पाण्यातलं चालणं पोहण्यापेक्षा हळू असतं आणि बी बटण धरून पळण्याचा तिथे काहीच उपयोग होत नाही. अख्खी लेव्हल चालत काढायची गरजही नाही. ब्लूपर स्क्रीनवर असेपर्यंत तळ, नसेल तेव्हा पोहणं.

तळ संपतो तिथे

चालत आलेले लोक मरतात ते तळातल्या खड्ड्यांवर. २-२ मध्ये काही खड्ड्यांवर पाण्याला ओढ आहे. ती मारिओला खड्ड्याच्या मध्याकडे आणि खाली खेचते. निसटायचं तर ए भराभर दाबावं लागतं, म्हणजे वर जावं लागतं, म्हणजे ब्लूपरला जे हवं ते. सापळा असा दुहेरी आहे, आणि तो मुद्दाम तसा रचलेला आहे.

उपाय खड्ड्यावर नाही, खड्ड्याच्या आधी आहे. काठापासून तीन-चार ब्लॉक अलीकडे तळावर थांबा आणि वर कुणी आहे का ते पाहा. ब्लूपर असेल तर वर सांगितलेली मागे वळण्याची युक्ती इथेच वापरा, त्याला डावीकडे काढा, आणि मगच खड्डा ओलांडायला निघा. ओलांडताना ओढ लागायच्या आधीच थोडी उंची घेऊन ठेवा. ओढीत शिरल्यावर उंची मिळवणं फार महाग पडतं. पलीकडच्या काठावर पोचलात की हात थांबवा आणि परत खाली.

खड्ड्याच्या मधोमध ब्लूपर समोर आलाच तर मागे फिरू नका. ओढ मध्याकडे आहे, मागे फिरणं म्हणजे पुन्हा तीतून जाणं. एक धक्का सोसा. मोठे असाल तर छोटे व्हाल, पण धक्क्यानंतर मारिओ लुकलुकतो तेवढ्या वेळात दुसरा धक्का लागत नाही, त्याचा उपयोग पलीकडे जायला करा.

आगीचे गोळे लागत का नाहीत

फायर फ्लॉवर (आगीचे गोळे मारू देणारं फूल) घेऊन आलेल्यांची वेगळी तक्रार: गोळे सगळे खालून जातात. बरोबर आहे. पहिल्या खेळातला गोळा हातातून सुटला की सरळ जात नाही, तिरका खाली जातो, तळाला लागला की छोट्या उड्या घेत पुढे सरकतो. तळावर उभं राहून मारलेला गोळा तळालगतचा पट्टा साफ करतो. ब्लूपर त्या पट्ट्यात सहसा येतच नाही.

म्हणजे वाचण्यासाठी खाली राहायचं आणि मारण्यासाठी वर. हा विरोध अंतराने सोडवायचा. ब्लूपर अजून लांब, स्क्रीनच्या उजव्या भागात असताना त्याच्यापेक्षा थोडं वर जा. तुम्ही वर आहात म्हणून तो झेपावेल, तुमच्याच दिशेने, तिरका वर. तुमचा गोळा तिरका खाली जातो. दोघांच्या रेषा समोरासमोर येतात. बी दाबा आणि निकाल काहीही लागो, लगेच ए सोडून खाली उतरायला लागा. लागला तर २०० गुण, नाही लागला तर तुम्ही आधीच खाली निघालेले आहात.

एका वेळी स्क्रीनवर दोनच गोळे असू शकतात. दोन्ही तळावरून उड्या मारत चालले असतील तर ते दिसेनासे होईपर्यंत बी दाबून काहीही सुटणार नाही. बटण बिघडलं की काय असं वाटतं ते यामुळे. पहिला गोळा नेम पाहून, दुसरा राखून.

उडी मारून चिरडणं पाण्यात चालत नाही. वरून, खालून, बाजूने, कुठूनही स्पर्श झाला तरी धक्का तुम्हालाच. जमिनीवरच्या ए बटणाच्या सवयीचं मूळ या चिरडण्यातच आहे, म्हणून वेगळं लिहिलं.

२-२ जमलं, ७-२ जमत नाही

७-२ हा नवा नकाशा नाही. ठोकळे आणि खड्डे २-२ चेच आहेत, मात्र काही जादा ब्लूपर आहेत. अवघडपणा तेवढाच असता तर फार नव्हता. ५-३ पासून पुढे खेळ काही गोष्टी गुपचूप कडक करतो आणि ब्लूपरचं दिशा बदलणं त्यात येतं. सेकंदाला एकदा वगैरे नाही, जवळजवळ सतत तो दिशा ताजी करत राहतो. झेपेच्या मध्यात वळतो. २-२ मध्ये पाठ केलेला "तो झेपावला, आता तिकडेच जाणार" हा हिशेब इथे चुकतो.

तरीही दोन गोष्टी बदललेल्या नाहीत: बुडताना तो सरळच बुडतो, आणि तुमच्या वर अंतर ठेवूनच थांबतो. तेव्हा ७-२ मध्ये झेप पाहून निघू नका, बुडणं पाहून निघा. तो वरच्या टोकाला पोचला आणि खाली यायला लागला, तो क्षण निघण्याचा. मागे वळण्याची युक्ती उलट इथे जास्त चांगली चालते, कारण वळल्यावर तो लगेच वळतो. फक्त तुम्ही परत उजवीकडे निघालात की तोही परत वळू शकतो. म्हणून तो पूर्ण मागे जाऊन बुडायला लागेपर्यंत डावीकडची चाल सोडू नका.

दोन ब्लूपर एकत्र असतील तर त्यांच्यामधून जाण्याचा मोह होतो. मधून जाऊ नका, दोघांच्याही खालून जा. मधल्या फटीत एक बुडत असतो तेव्हा दुसरा झेपावत असतो आणि त्यांची वेळ सहसा जुळत नाही.

५-३ पासूनच्या याच कडकपणामुळे ५-२ आणि ६-२ मध्ये पाइपमधून उतरून लागणाऱ्या पाण्याखालच्या खोल्याही सारख्या वाटत नाहीत. खोली एकच आहे, पण एक ५-३ च्या आधी येते आणि दुसरी नंतर.

८-४ चा पाण्याचा तुकडा छोटा आहे, पण तिथे ब्लूपरसोबत फिरणारे आगीचे दांडे आहेत. इथे खालून जाणं आंधळेपणाने करता येत नाही. आधी दांड्याची फेरी पाहा, तो कुठल्या बाजूला मोकळा सोडतो ते ठरवा, ब्लूपरचा विचार त्यानंतर. दांडा ठरलेल्या गतीने फिरतो, त्याच्याशी तडजोड होत नाही. ब्लूपरला तुमच्या जागेवरून हलवता येतं. जो हलवता येतो त्याला हलवा.

पुढच्या खेळांत काय वेगळं

१९८६ चा जपानमधला दुसरा भाग, जो बाहेर 'द लॉस्ट लेव्हल्स' म्हणून १९९३ च्या 'ऑल-स्टार्स' संचातून पोचला, त्यात ब्लूपर पाण्याबाहेर, चक्क हवेत तरंगतात. चाल तीच, पण इथे ते चिरडता येतात. चूक होते ती अशी: तो डोक्यावर येऊन थांबतो आणि माणूस जागच्या जागी उडी मारतो. उडी खालून त्याला लागते आणि धक्का बसतो. त्याच्या सावलीतून एक-दोन ब्लॉक बाजूला या, तो बुडत असताना धावत येऊन वरून उतरा. काही ठिकाणी खड्डा ओलांडायला ब्लूपरच्याच डोक्यावर पाय द्यावा लागतो. तिथे त्याला आधी मारून बसलात तर वाट तुम्हीच तोडली.

'सुपर मारिओ ब्रदर्स ३' (१९८८) मध्ये पिल्लांची रांग मागे घेऊन फिरणारी ब्लूपर नॅनी येते. चार पिल्लं. धक्का बहुधा आईचा नसतो, शेपटीचा असतो: आई टळली म्हणून पुढे निघावं आणि मागची पिल्लं तिच्याच वाटेने येऊन लागावीत. आई गेल्यावर पिल्लं त्या रेषेवरून जाईपर्यंत ती रेषा ओलांडू नका. पिल्लं चारी बाजूंना उधळणारीही असते. ती दिसली की जवळ राहून वाट पाहण्यापेक्षा आधीच अंतर वाढवा. शिवाय इथे स्क्रीन मागेही सरकते, म्हणून कडेबाहेर गेलेला ब्लूपर संपला असं धरू नका.

याच खेळातला फ्रॉग सूट हा पाण्याखालचा सगळ्यात चांगला इलाज. हात मारण्याचा ठेकाच लागत नाही. दिशेचं बटण जिकडे, बेडूक तिकडे, आणि ए धरलं की वेग वाढतो. ब्लूपरच्या खाली हवी तितकी उंची धरून ठेवता येते. गोळे मात्र मारता येत नाहीत आणि जमिनीवर तो टुणटुण उड्या मारतो, म्हणून पाण्याच्या लेव्हलपर्यंत साठ्यात ठेवा. हातोड्याचा सूट असेल तर तोही पाण्यात चालतो, पण इतकी दुर्मिळ वस्तू ब्लूपरवर खर्च करणं म्हणजे मुंगीवर तोफ.

'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स' मालिकेतही नॅनी आणि साधा ब्लूपर दोन्ही आहेत. २००९ च्या वी (निन्टेंडोचा कन्सोल) आवृत्तीत आइस फ्लॉवर आणि पेंग्विन सूट मिळतात. पेंग्विनचं पोहणं बेडकासारखं, दिशेच्या बटणावर चालणारं, वर बर्फाचे गोळेही. पाण्यात गोठलेला शत्रू बर्फाच्या ठोकळ्यासकट वर तरंगत जातो, म्हणजे खालून जाणाऱ्याची वाट आपोआप मोकळी. उलट तुम्ही त्याच्या वर असाल तर तो ठोकळा तुमच्याच अंगावर येतो. पहिल्या खेळातली ब्लॉकभर अंतराची हमी या खेळांत गृहीत धरू नका. खाली राहा, पण नजर ठेवून.

चौघे मिळून खेळताना धक्के वाढतात, कारण खेळाडू एकमेकांना ढकलतात आणि ढकललेला नेमका ब्लूपरवर जातो. एकाने पुढे जावं, बाकीच्यांनी त्याच्या मागे एका उंचीवर राहावं, दोघांनी एका फटीत घुसू नये. ज्याला पोहणं जमतच नाही त्याने वीच्या आडव्या रिमोटवरचं ए दाबून (ते तिथे पोहण्याचं बटण नाही) बुडबुड्यात जावं आणि अवघड जागा गेल्यावर बाहेर यावं.

दोष तुमचा नसेल तर

वेळ अचूक साधूनही मारिओ उशिरा हात मारतोय असं वाटत असेल तर टीव्ही तपासा. आजच्या टीव्हीवर चित्र सुधारण्याच्या प्रक्रियांमुळे बटण दाबणं आणि चित्र हलणं यांत अंतर पडतं. जमिनीवर ते खपून जातं, पण पाण्यात उंची राखायला लहान लहान दाब लागतात तिथे लगेच जाणवतं. सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. फरक दिसला तर उरलेला सराव वेगळाच वाटेल.

दुसरं म्हणजे काठी. अ‍ॅनालॉग काठीने डावीउजवीकडे जाताना अंगठा थोडा खाली झुकतो आणि तळावर असलेला मोठा मारिओ मध्येच वाकतो, चालणं तुटतं. जुन्या खेळांना दिशेची बटणं वापरा.

सरावासाठी निन्टेंडोच्या स्विच ऑनलाइन सेवेवरच्या जुन्या एनईएस (पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' ज्यावर होता तो कन्सोल) खेळांमध्ये झेडएल आणि झेडआर ही बटणं एकत्र धरून खेळ मागे नेता येतो. त्याचा उपयोग धक्का पुसायला करू नका, धक्क्याच्या दोन सेकंद आधी काय दाबलं ते पाहायला करा. जवळजवळ प्रत्येक वेळी तिथे ए चा एक जादा दाब सापडेल. तिथून पुन्हा खेळा, तो दाब गाळून.

मोठा भाऊ: गूपर ब्लूपर

२००२ च्या 'सुपर मारिओ सनशाइन'मध्ये रिक्को हार्बरला भेटणारा गूपर ब्लूपर हा वेगळाच प्रश्न आहे. खालून जाण्याचा नियम इथे विसरा. लोक त्याच्या तोंडाशी आधी जातात आणि सोंडांचे फटके खातात. सोंड जमिनीवर आपटून क्षणभर पडून राहते, तेव्हा तिचं टोक बी ने पकडा आणि मागे चालत जा. ताणली जाऊन ती तुटते. सगळ्या तोडणं सक्तीचं नाही, पण समोरच्या तोडल्याशिवाय तोंडापाशी उभं राहायला जागा मिळत नाही. मग तोंड पकडून तसंच मागे ओढायचं. ओढताना कॅमेरा आधी फिरवून घ्या. मागे चालत पाण्यात पडणारे इथे बरेच असतात.

त्याच बंदरातली ब्लूपरवर बसून घसरण्याची शर्यत हरत असाल तर रंग बदला. हिरवा सगळ्यात हळू आणि वळवायला सोपा, गुलाबी सगळ्यात वेगवान. भिंतीला धडकलं की थेट जीव जातो, म्हणून आधी हिरव्यावर वाट पाठ करा आणि वेळ कमी पडतो असं दिसलं तरच पिवळ्या-गुलाबीकडे वळा.

'मारिओ मेकर'मध्ये ब्लूपर ठेवताना

'मारिओ मेकर' म्हणजे स्वतः लेव्हल बनवायचा खेळ. इथे तक्रार उलटी असते: लेव्हल बनवणाऱ्याला वाटतं सोपी आहे, खेळणारे मरतात. कारण बहुतेक वेळा एकच, खालची वाट बंद आहे. ब्लूपरच्या खाली तळापर्यंत किमान तीन ब्लॉक मोकळे ठेवा, मोठा मारिओ त्यातून आरामात गेला पाहिजे. त्याच्या वर नाणी मांडू नका, ती खेळणाऱ्याला नेमकं चुकीच्या दिशेला बोलावतात. नाणी खालच्या वाटेवर ठेवलीत तर पहिल्याच ब्लूपरला काय करायचं ते न लिहिता कळतं. खड्ड्याच्या काठावर ब्लूपर ठेवायचाच असेल तर अलीकडे थांबायला चार ब्लॉक तळ द्या. मशरूम खाऊ घालून मोठा केलेला ब्लूपर अरुंद बोगद्यात ठेवू नका, त्याला टाळायला जागाच उरत नाही. आणि तपासताना एकदा तरी छोट्या मारिओने, गोळे न मारता, संपूर्ण लेव्हल पार करून पाहा.